माग बंद केले तेव्हा

आमची जमिला बालवाडीत चावायची. चिमटा नाही, ढकलणं नाही, थेट चावा. १९८९ सालची, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट, पोरगी तेव्हा पाच वर्षांची. रोज कोणाची तरी आई तणतणत माझ्या दारात यायची, आणि मीही काही ऐकून घेणारी नव्हे. पण आतून जीव तुटायचा. घरात गरीब गाय असलेली ही पोर बाहेर गेली की असं का करते, तेच कळत नव्हतं.

शेवटी बालवाडीच्या मंदाबाई स्वतः आल्या. आमचं घर म्हणजे कापडाच्या यंत्रमागांच्या शेडचीच मागची खोली, मध्ये नुसता पडदा. त्या खडखडाटात बाई माझ्या कानाशी ओरडल्या, "आबिदाबाई, बाकीचे पालक ऐकत नायत. सोमवारपासून हिचं नाव काढा म्हणतात."

आमच्या घरातून शाळेची पायरी चढलेली पहिली पोरगी ती, आणि बालवाडीतूनच परत यायची!

बाईंना बसवलं. जमिला शेडच्या पार त्या टोकाला बापाजवळ होती. मी पडदा सारून पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली. ती धावत आली, हात धुतले, ताटावर बसली.

बाई बघतच राहिल्या. "ही तीच पोरगी? मी हाका मारून घसा बसवते, ही ढिम्म हलत नाय!"

"आमच्यात हाका कोणाला ऐकू जातात बाई! सगळं हातानंच चालतं." शुक्रवारी माग बंद असले तरी आमच्या हातांची सवय जात नाही. जमिला बोलायची कमी, पण त्याचंही कधी कोणाला काही वाटलं नव्हतं.

बाईंनी जमिलाकडे बघितलं, मागांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "माग बंद करायला सांगता?"

माझा नवरा कासम चालू माग मध्येच थांबवणारा माणूस नव्हे. पण बाईंचा चेहरा बघून त्यानं एकेक माग बंद केला. जमिला आमच्याकडे पाठ करून जेवत होती.

"आता हाक मारा," बाई मला म्हणाल्या.

"जमिला!" तिनं घास घेतला. "जमिला, बेटा!" ती भात कालवत राहिली. कासमनं हातातला मागाचा लाकडी धोटा लोखंडावर आपटला. मी दचकले, पोर नाही.

मग बाईंनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. जमिला किंचाळून वळली आणि त्यांच्या मनगटाला कडकडून चावली.

बाईंनी हात ओढून घेतला नाही. "पोरं मागून येऊन ओढतात हिला," त्या म्हणाल्या. "हिला चाहूलच लागत नाय हो. घाबरून चावते बिचारी."

मी पदरात तोंड घालून रडले. "मग नाव काढणार, बाई?"

"काय बोलता! डॉक्टरकडे मी येते बरोबर. पालकांचं मी बघते. सोमवारी पोरीला पाठवा. आणि ते जेवायला कसं बोलवता, मला परत दाखवा."

पुढे डॉक्टरकडच्या फेऱ्या झाल्या, कानात ऐकायचं मशीन आलं, आता जमिला नववीत आहे. मंदाबाईंसाठी दुवा मागितल्याशिवाय माझी नमाज पुरी होत नाही.

त्या सोमवारी मी बालवाडीच्या दाराआड उभी होते. बाईंनी समोर उभं राहून पाच बोटं तोंडाकडे नेली. सगळ्या पोरांनी त्यांच्यासारखीच नेली. जमिलानं वर्गभर नजर फिरवली आणि खळखळून हसली. माझ्या पोरीचं ते हसणं माग चालणाऱ्या घरात मला कधी ऐकूच आलं नव्हतं.