ढोलावरची कोरी चौकट

अरे, नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस!

आपल्या कोपरीचा होड्या बांधणारा धाकू, तो लढाईच्या वेळी कल्याणच्या लष्करी छावणीत सुतारकामाला जायचा. तिथे आफ्रिकेचे शिपाई होते, ब्रह्मदेशात जपान्यांशी लढून आलेले, घरी न्यायला बोट कधी येते त्याची वाट बघत बसलेले. त्यातला एक कोबिना. तोही दर्याकाठचा, लाकडाचा वेडा. धाकूशी गट्टीच जमली. आंब्याचा ओंडका पोखरून त्यानं ढोल केला. वर मासे कोरले, खेकडा कोरला, मागं वळून बघणारा पक्षी कोरला. एक चौकट मात्र कोरी. हातवारे करून म्हणाला, इथे माझ्या गावाची खूण, ती सगळ्यात शेवटी. आणि तेवढ्यात निघायचा हुकूम! ढोल धाकूच्या हातात दिला, परत येतो अशी खूण केली, नि गेला.

झालं. तेव्हापासून धाकू सांभाळतोय. पावसाळ्यात चुलीवर टांगायचा, वाळवीपासून जपायचा, कातडं सैल पडलं की शेकायचं. छावणीत सिंधी निर्वासित राहायला आले, धाकूची पोरं लग्नाला आली, कोबिना काय आला नाय. "काय रं, तुजा शिद्दी आला का?" लोकांचं रोजचंच. धाकू आधी चिडायचा, मग हसायचा, मग तेही सोडलं.

यंदा होळीच्या आधी दामाजी पाटील दारात. "ढोल होलीला पुढं पायजे. पन ही जागा उघड्या कपालासारकी दिसतं. होडी कोर तितं. तुला जमत नसल तर रंगारी सहदेव रंगवील, लाल ऑइलपेंटनी."

ऑइलपेंट! त्या माशांवर!

पाटील गेल्यावर शेवंती, त्याची बायको, म्हणाली, "आवो, किती जपाल? त्यो आला तर नवा करील."

"आनि आला, तर मी त्याला काय दावू?"

 धाकूचे हात आता पटाशी धरली की कापतात. पुढच्या होळीला जमेल का कोण जाणे, नि मग ऑइलपेंटच. बसला, धार लावली, कोरली होडी. अशी कोरली रे, शिडाची दोरीसुद्धा ताणलेली दिसते! सगळ्या ढोलावर आता तीच उठून दिसते, हेच तर वाईट; कोबिनाच्या गावाच्या खुणेला जागाच उरली नाय.

होळीला ढोल घुमला, पोरं बेभान नाचली. शेवंती बोलवायला गेली, तर हा खाडीकडं तोंड करून बसलेला. "दमलो गं," एवढंच बोलला.

सांग ना, तू असतास तर काय केलं असतंस?