बाराची घंटा

मी एक जुनी पितळी हातघंटा आहे. माझी मूठ शिसवी लाकडाची आहे आणि वजन पाऊण किलोला जरा कमी. मित्रांनो, आपली कहाणी जन्मापासून सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण मी चिडलेली आहे, आणि चिडलेल्याला शेवट आधी आठवतो. म्हणून पहिल्यांदा तो शेवटचा साधा दिवस सांगते.

त्या दिवशी मी माझ्या साहेबांच्या पलंगाशेजारी स्टुलावर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डाव्या हाताने ते मला वाजवत. एकदा वाजवले की पाणी, दोनदा म्हणजे कूस बदलायची, तीनदा म्हणजे खिडकी. शिवाय रोज दुपारी बाराला ते मला एकदा लांबलचक वाजवत, कशासाठीच नाही. मग शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरवर काम करणारी त्यांची लेक दारातून डोकावून म्हणे, "बाबा, आता कुठली बँक यायची राहिलीय?" साहेब अर्ध्या तोंडाने हसत. एवढा एकच विनोद त्या घरात शिल्लक होता आणि तो रोज चाले.

त्या दिवशी बाराला लेकीचा कामाचा महत्त्वाचा फोन होता. दहा मिनिटे आधी ती आली आणि तिने मला उचलले.

"आज दहा मिनिटं थांबा, बाबा. फोन झाला की देते."

मला तिने कपाटावर ठेवले, सुटकेसच्या शेजारी. साहेबांचा डावा हात रिकाम्या स्टुलावर दोनदा फिरला आणि मग चादरीवर पडून राहिला. बारा वाजून गेले. फोन लांबला. नंतर फिजिओथेरपीवाला आला, मग जेवण, औषधे, कपडे वाळत घालणे. मी राहून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा साहेब गेलेले होते. मी कपाटावरच होते.

"दहा मिनिटं थांबा." हे शब्द मी त्याआधीही ऐकले होते. आता सुरुवातीपासून सांगते.

एका ओताऱ्याने मला एका शाळेसाठी ओतले. शाळेने आठवड्यात परत केले. माझा आवाज फार करडा आहे, लहान मुले दचकतात, अशी तक्रार होती. पडून राहिले असते, पण तेवढ्यात मध्यवर्ती बँकेचा शिपाई दचकवणारीच घंटा शोधत आला.

मध्यवर्ती बँक म्हणजे बँकांची बँक. तिथे तुमचे-आमचे खाते नसते, बँकांची खाती असतात. कोणी बँक काढायची ते ती ठरवते, परवाना देते, माणसे पाठवून वह्या तपासते, आणि एखादी बँक लोकांच्या पैशांशी खेळू लागली तर तिला थांबवते. निदान तसे अपेक्षित असते.

माझी नेमणूक क्लिअरिंगच्या हॉलमध्ये झाली. समजा, तुमच्या आईने शिंप्याला चेक दिला. आईचे खाते एका बँकेत, शिंप्याचे दुसऱ्या. मग हे पैसे इकडून तिकडे जाणार कसे? असे हजारो चेक गठ्ठ्यांत बांधून सगळ्या बँकांची माणसे रोज आमच्या हॉलमध्ये येत. लांब टेबले, प्रत्येकावर बँकेची पाटी, पंख्याने उडू नयेत म्हणून गठ्ठ्यांवर ठेवलेल्या विटा. देवघेव झाली की कोणाकडून कोणाला किती द्यायचे एवढाच फरक उरे, आणि तो मध्यवर्ती बँकेतल्या त्यांच्या खात्यांतून वळता होई. ज्या बँकेच्या खात्यात तेवढे पैसे नसतील, तिचे दुखणे त्याच दिवशी उघडे पडे. म्हणून वेळेला महत्त्व होते. बाराला मी वाजले की दार बंद. उशिरा येणाऱ्याला सवलत मिळाली तर तो तेवढ्या वेळात इकडून-तिकडून उसने गोळा करतो, आणि दुखणे झाकले जाते.

मला वाजवण्याचे काम साहेबांकडे होते. "साहेब, तुमचं घड्याळ पुढे आहे," असे कोणी म्हणाले की ते म्हणत, "घड्याळ बरोबर आहे, तुमचे पाय मागे आहेत." त्यांच्यामागे लोक त्यांना घंटासाहेब म्हणत. मी त्यांच्या नावावर होते, म्हणून ते मला रोज डब्याच्या पिशवीतून घरी नेत. आपल्या गैरहजेरीत कोणी मला हात लावू नये, एवढाच हेतू. एकोणीस वर्षे मी एकदाही उशिरा वाजले नाही. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षे.

मग एक बँक उशीर करू लागली. तिचा माणूस जिने चढून येई तेव्हा त्याचा श्वास आधी हॉलमध्ये पोचे. त्याला सगळे धापाकाका म्हणत. आधी बाराला दोन मिनिटे कमी, मग एक, मग पायरीवर असतानाच मी वाजे की काय, अशी वेळ. साहेबांनी आकडे पाहिले. त्या बँकेचे खाते तीन आठवडे तळाला लागत होते. त्यांनी वरच्या मजल्यावर टिपण पाठवले: या बँकेची ताबडतोब तपासणी व्हावी. उत्तर आले नाही. फोन आला.

"त्यांचा माणूस वाटेत आहे. दहा मिनिटं थांबा."

"लेखी द्याल का, साहेब?" माझ्या साहेबांनी विचारले.

"दहा मिनिटांचं काय लेखी? तुम्ही माणूस आहात की घड्याळ?"

साहेबांनी मला हातात घेतले, आतला लोलक दोन बोटांत धरला आणि उभे राहिले. बारा वाजले. सगळा हॉल माझ्याकडे पाहत होता. मित्रांनो, घंटेला स्वतःहून वाजता येत नाही, हीच माझी जन्माची तक्रार आहे. त्या दहा मिनिटांत मला माझ्या पितळेची लाज वाटली. धापाकाका आले, गठ्ठे टेबलावर टाकले, आणि मग मी वाजले. त्या संध्याकाळी घरी साहेबांनी लेकीच्या शाळेच्या जुन्या कंपासपेटीतले करकटक घेतले आणि माझ्या आतल्या कडेला एक बारीक रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा रेघ. असे रोज.

सहाव्या दिवशी संध्याकाळी साहेबांची थोरली बहीण आली. ती नर्स होती, दोनच महिन्यांपूर्वी निवृत्त झालेली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "काय घंटेवाले, वाजली का आज?"

"वाजली."

"वेळेवर?"

साहेबांनी माझी पिशवी जवळ ओढली. "बघ गं," ती भाचीला म्हणाली, "माझा भाऊ बाहेर घंटा वाजवतो आणि घरात मुका." मग पर्समधून एक घडी घातलेली पावती काढून तिने साहेबांपुढे धरली. "आजच ठेवले. निवृत्तीचे सगळे. दीड टक्का जास्त देतायत. आणि तुझ्याच बँकेनं परवाना दिलाय त्यांना, म्हणजे तुझीच माणसं की."

ती त्याच बँकेची पावती होती.

मी पिशवीत होते. साहेबांचा हात पिशवीवर आला आणि पिशवीसकट त्यांनी माझी मूठ घट्ट धरली. नोकरीला लागताना त्यांनी गुप्ततेच्या शपथेवर सही केली होती. कामावर कळलेले काही बाहेर बोलायचे नाही. मला वाटले, आता बोलतील.

"पावती जपून ठेव," ते म्हणाले.

"एवढंच?"

"चहा घे."

रात्री जेवणाआधी त्यांनी सहावी रेघ ओढली. करकटक त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिले, इतके की ती बोटाला लागावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरे टिपण पाठवले, नवव्या दिवशी तिसरे. वरून एकच उत्तर येई: लोकांना घाबरवायचे नाही. लोक मात्र त्या बँकेपुढे रांग लावून पैसे ठेवत होते. दीड टक्का जास्त होता ना.

बाराव्या दिवशी फोन वाजला तेव्हा साहेबांनी तो उचलला नाही. बाराला त्यांनी मला वाजवले. धापाकाका शेवटच्या वळणावर होते; त्यांनी दारावर दोन्ही हात टेकले आणि तसेच उभे राहिले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्या संध्याकाळी वरच्या मजल्याला पर्याय उरला नाही. दुसऱ्या दिवशी त्या बँकेच्या दारावर नोटीस लागली. माणशी जेमतेम महिन्याच्या किराण्याएवढे पैसे काढता येतील, बाकीचे अडकले.

गावाला खलनायक हवा होता आणि मी आयती होते. "या माणसानं बँकेचे बारा वाजवले," असे लोक साहेबांना बघून म्हणत. अकरा दिवस कोणी थांबवले, हे कोणी विचारले नाही. वरून मात्र विचारणा आली: त्या दिवशी थांबला का नाहीत? साहेबांनी लिहिले, "सलग अकरा दिवस तोंडी आदेशावरून मी घंटा दहा मिनिटे उशिरा वाजवली. हा माझा दोष आहे. बाराव्या दिवशी वेळेवर वाजवली. हा दोष नाही." पत्र परत आले, पहिले वाक्य काढून टाका असा शेरा घेऊन. त्यांनी ते काढले नाही. म्हणून पत्र फायलीत गेलेच नाही आणि साहेबांची बदली जुन्या कागदांच्या तळघरात झाली.

घरात काय झाले तेही सांगते. लेक तेव्हा वीस वर्षांची होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आत्या पावती घेऊन आली तेव्हा?"

"हो."

"सगळ्या जगाला वाजवून सांगता, आणि सख्ख्या बहिणीला एक शब्द नाही?"

साहेबांनी वर्तमानपत्र उचलले. मला राग येतो तो इथे. समजावून सांगायला हवे होते त्यांनी. मुलीला तेवढे कळण्याचे वय होते.

आठवड्याने आत्या आली. लेक दारात उभी होती, हात बांधून. आत्या साहेबांसमोर बसली आणि म्हणाली, "अरे, तू सांगितलं असतंस ना, तर मी पैसे काढून आणले असते. मग शेजारणीला सांगितलं असतं, कुणाला बोलू नको म्हणून. तिनं तिच्या जावेला. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बँकेच्या दारात, आणि मागं राहिला असता तो ज्याला कुणी सांगणारा भाऊ नाही. मी कशी आहे ते मला माहीत आहे रे." साहेब रडले. मी त्यांना एवढ्या वर्षांत एकदाच रडताना पाहिले. लेक दारातून निघून गेली.

बँकेतल्या ठेवींना विमा असतो; त्याची ठरलेली रक्कम आत्याला वर्षाने मिळाली. उरलेले तुकड्यातुकड्याने येत राहिले आणि पूर्ण कधीच आले नाहीत. गुडघे धरून तिने साठीत पुन्हा रात्रपाळ्या केल्या. लेकीने ते पाहिले. पुढे ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. फोनवर बापलेकीचे बोलणे पावसापाण्याचे, तब्येतीचे.

हॉलमध्ये यंत्रे आली, गठ्ठे संपले, विटा कोणीतरी बागेत लावल्या. आता तुमच्या फोनवरून पैसे क्षणात जातात. तिथेही कोणीतरी नियम लावत असेल, कोणीतरी त्याला थांबा म्हणत असेल. मला भंगारात काढले, तेव्हा निवृत्तीला आलेल्या साहेबांनी माझ्या वजनाचे पैसे भरले, पावती घेतली आणि मला कायमचे घरी आणले. काही वर्षे मी पुस्तकांपुढे धूळ खात होते. मग ते आजारी पडले, लेक सगळे सोडून परत आली, आणि मला पुन्हा काम मिळाले. पुढचे तुम्हाला सांगितलेच आहे.

साहेब गेल्यावर बावीस दिवस मी कपाटावर होते. लेकीने त्यांचा खण आवरला, ते परत आलेले पत्र वाचले, पुन्हा घडी घालून ठेवले. माझ्याकडे ती पाहत नव्हती. आज सकाळी तिने स्टूल ओढले आणि मला खाली घेतले. पितळ उजळायची पूड लावून बाहेरून घासले, मग आत बोट घातले आणि थांबली. खिडकीशी नेऊन तिने मला उलटे केले. नखाने एकेक रेघ मोजली. अकरा. सहावीवर नख अडकले. ती तिथेच खाली बसली.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, पण नुसत्या बाहेरून नका पुसू. आणि ज्याचे काम वेळेवर वाजण्याचे आहे, त्याचा लोलक धरू नका. दहा मिनिटांसाठीही नको. मी एवढेच मागते. मला कोणी विचारणार नाही, हे माहीत असून मागते.

बाराला चार मिनिटे कमी होती. लेकीने मला उचलले आणि पलंगाशेजारी जाऊन उभी राहिली. चादर बदललेली होती. स्टूल तसेच होते.

"बाबा," ती म्हणाली, "आत्या बोलली ना, मला तेव्हाच पटलं होतं. मी दारात होते. पण मग तुमच्यावर चिडायला काही उरलं नसतं, म्हणून मी निघून गेले. तुम्ही आत्याला सांगितलं नाहीत ते बरोबर केलंत. अकरा दिवस थांबलात ते चुकलं, आणि ते तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. हे सगळं मी दोन वर्षं इथं बसून सांगू शकले असते. रोज बाराला सांगू शकले असते. मी तुम्हाला विचारत राहिले, कुठली बँक यायची राहिलीय."

तिने घड्याळाकडे पाहिले.

"मी यायची राहिले होते, बाबा. आले. वाजवते आता."