ओल्या फडक्यातली माती

थोरलीने घरामागच्या टेकडीवरून आणलेला, ओल्या फडक्यातला लाल मातीचा गोळा टेबलावर ठेवला आणि धाकटीने सवयीने तो भट्टीच्या ट्रेमध्ये टाकायला उचलला.

"भाजतेस कशाला?" थोरलीने विचारलं.

"वाळवते, ताई. पद्धत आहे."

प्रयोगशाळेत माती आली की आधी भट्टीत, हे धाकटीच्या अंगवळणी पडलं होतं. आज मात्र हात अडखळला. गोळा लोण्यासारखा मऊ होता, बोटांचे ठसे त्यावर उमटत होते. ट्रेमधली त्याच टेकडीची, मागच्या खेपेला वाळवलेली माती रव्यासारखी मोकळी पडली होती. तिने त्यावर पाणी शिंपडून मळून पाहिलं. भिजली, पण रवाळच राहिली.

"एकदा वाळली की ही परत पहिल्यासारखी होत नाही," ती हळूच म्हणाली. "बिघडवायचे मी आणि चाचणीत नापास करायचे हिला."

थोरलीच्या विहिरीत जुन्या कचराडेपोचं पाणी कधीच झिरपलं होतं. आता नवा डेपो खालच्या वस्तीच्या डोक्यावर होणार होता. घाण पाणी खाली झिरपू नये म्हणून थोरलीच्या घरामागच्या टेकडीची माती त्याच्या तळाला ठासायची, असं धाकटीने सुचवलं होतं. माती नापास झाली तरी डेपो होणारच होता, तोही उघड्या तळाचा.

या खेपेला भट्टी बंद राहिली. धाकटीने ओल्या मातीत बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी भुकटी, मळली, मिश्रण साच्यात ठोकून बसवलं आणि ते मुरल्यावर वरच्या काचेच्या नळीत जुन्या डेपोचं काळं पाणी भरलं. साधं पाणी अडवणं निराळं, याची तऱ्हा निराळी.

पुढच्या आठवड्यात थोरली आली तेव्हा धाकटी नळीसमोर स्टुलावर बसली होती. थोरलीने नाक मुरडलं.

"हाच वास. माझ्या पोहऱ्याला येतो तोच." मग वाकून पाहिलं. "काय होतंय?"

"काही नाही."

पाणी आठवड्यापूर्वी केलेल्या पेन्सिलीच्या खुणेजवळच उभं होतं. कायमचं नव्हे, हे धाकटी जाणून होती. पण कणाकणाने उतरायला त्याला पिढ्या लागल्या असत्या. ओंजळभर मातीत एवढा धीर. तिच्या अंगावर काटा आला. थोरलीनेही तोंडावर हात ठेवून पुन्हा वाकून खूण पाहिली.

"मग माझी विहीर?"

"ती नाही गं, ताई. आपल्या हयातीत तरी नाही."

थोरलीने मान हलवली. नळाखाली फडकं भिजवून पिळलं आणि उरलेल्या गोळ्यावर नीट पसरलं, कडा आत खोचल्या.

"टेकडी खणायला येतील ना, त्यांना सांग," ती म्हणाली, "झाकून न्या म्हणावं. वाटेत ऊन असतं."