रविवारी मोजलेलं कार्यालय

मी एक जुना, तीस मीटरचा मोजणीचा टेप आहे, मित्रांनो. कातड्याच्या डबीत राहतो. कडा गंजल्यात, काही आकडे पुसट झालेत, पण एका मिलिमीटरचंही खोटं मी आजवर बोललेलो नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, हा माझा स्वभाव. त्याच स्वभावानं घात केला.

शहराच्या कार्यालयात नकाशे काढणारे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना नकाशेकाका म्हणत. माणूस कामाला वाघ, पण हट्टी. एकदा वरून हुकूम आला, की पुढची वीस वर्षं कुठलं खातं कुठल्या खोलीत बसेल, याचा आराखडा करा. काकांनी मोजणीला रविवार निवडला. कामाच्या दिवशी लोक मध्ये येतात, टेप वाकतो, माप चुकतं, असं त्यांचं म्हणणं.

माझं दुसरं टोक धरायला शिपाईमामा होते. ते चाचरत म्हणाले, "साहेब, सोमवारी मोजूया ना. गर्दी केवढी होते ते तरी दिसेल."

"माणसं आज आहेत, उद्या नाहीत," काका म्हणाले. "आपण भिंती मोजायच्या."

आम्ही भिंती मोजल्या. दप्तराची कपाटं जड, म्हणून ती तळमजल्यावर. दाखल्यांच्या खिडकीला काय, एक टेबल पुरे, म्हणून ती वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. जिना रुंदीला एक मीटर दहा. रिकामा होता, त्यामुळे कागदावर ऐसपैस वाटला. आराखडा मंजूर झाला, काचेच्या चौकटीत भिंतीवर लागला, काकांच्या पाठीवर थाप पडली. त्या दिवशी त्यांनी मला तेल लावून पुसलं. मीही हुरळून गेलो, कशाला लपवू?

पुढे शहर वाढलं. रांग खिडकीपासून निघायची, जिना उतरायची आणि फाटकाबाहेर जायची. खिडकी खाली घ्या, असं मामांनी दोनदा सांगून पाहिलं. काका दाद देईनात. एक खिडकी हलवली तर सगळा आराखडा हलेल, अजून सात वर्षं जायचीत, म्हणायचे. मी ड्रॉवरमध्ये पडून हे ऐकायचो. मला कुणी बाहेर काढलं नाही.

काकांच्या आईला पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागायचा. वय ब्याऐंशी. तेराव्या वर्षी, दाखल्याच्या दिवशी सकाळी काकांनी तिला बजावलं होतं, की थेट माझ्या टेबलाशी ये, मी करून आणतो. ती आली ती टेबलाशी नुसतं सांगायला. म्हणाली, "रांगेतल्या बायकांना ओलांडून पुढे जाऊ? तुझी आई म्हणून?" आणि जाऊन रांगेत उभी राहिली.

जिन्यावर वरून एक कारकून फायलींचा गठ्ठा घेऊन उतरत होता. बाजूला व्हायला जागाच नव्हती. गठ्ठ्याचा धक्का लागला आणि अकराव्या पायरीवरून ती खाली कोसळली. तिला उचललं तेव्हा जीव नव्हता, हयातीचा अर्ज मात्र मुठीत होता.

काही दिवसांनी काका तिच्या मृत्यूचा दाखला घ्यायला आले. तुम्ही बसा, मी आणतो, असं मामा म्हणाले. काकांनी ऐकलं नाही. तेही रांगेत उभे राहिले. अकराव्या पायरीवर आल्यावर म्हणाले, "मामा, टेप आणा."

मला पसरायलाही जागा नव्हती. एका बाईनं मूल कडेवर घेतलं, एका आजोबांनी काठी उचलली, कुणी पाय आखडले. तेव्हा कुठे मी खिडकीपासून फाटकाबाहेरच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचलो. तेवीस मीटर चाळीस. काकांनी आकडा लिहिला आणि ते तिथेच पायरीवर बसून रडले. मला लाज वाटली. तेरा वर्षांत एखाद्या सोमवारी मला काढलं असतं, तर मी सांगितलं नसतं का?

काकांनी तो आकडा घालून खिडकी खाली आणायचा अर्ज केला. आराखडा वीस वर्षांसाठी मंजूर आहे, असं उत्तर आलं. काका निवृत्त झाले. खिडकी वरच आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी शाळा मोजेल, कुणी दवाखाना. मला जरूर न्या. तेल नाही लावलंत तरी चालेल. पण सोमवारी न्या.