चेहऱ्यावरचा थेंब

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. पण लग्नात फोटो काढणारा नव्हे. माझे वजन हत्तीच्या पिल्लाएवढे आणि चेहरा शिशाचा. २००४ साली लखनौच्या एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात मला बसवले, तेव्हा हार घातला आणि लाडू वाटले. मला गॅमा कॅमेरा म्हणतात. एक्स-रेचे यंत्र माणसावर किरण सोडते. मी काहीच सोडत नाही. रुग्णाच्या शिरेत किरण देणारे औषध टोचतात, ते हाडांत जाऊन बसते आणि तिथून जे येते ते मी टिपतो. थोडक्यात, मी नुसता ऐकणारा.

हे देवयानीच्या फार सोयीचे पडले. ती माझी टेक्नॉलॉजिस्ट, अकोल्याची, गोमती नगरात खोली घेऊन एकटी राहणारी. टोचलेल्या रुग्णापासून जरा लांब उभे राहायचे, हा तिच्या कामाचा नियम. आणि तिचे काम ऐकून बाकीची माणसे तिच्यापासून लांब उभी राहत. घरमालकिणीने तर नातीला तिच्याकडे पाठवणे बंद केले होते. दिवसभर हिंदी बोलून ती थकायची. सकाळी खोलीत कोणी नसताना मात्र पंधरा मिनिटे माझ्याशी मराठीत बोलायची. "काल अख्खं अमीनाबाद पालथं घातलं रे, ज्वारीचं पीठ काही मिळालं नाही." मला मराठी येते ती तिच्यामुळेच. खरे सांगतो, मी त्या पंधरा मिनिटांवर जगत होतो.

त्याच वेळात ती माझी रोजची तपासणी करी. सगळीकडून सारखे किरण देणारा एक सपाट पत्रा माझ्यासमोर ठेवायचा. चित्र एकसारखे करडे आले तर मी ठीक; डाग दिसला तर माझ्यावर ते टोचायचे औषध सांडले आहे. मग वहीत 'ठीक' लिहून सही करायची.

२००९ च्या जानेवारीत एका सकाळी बाहेरच्या बाकावर एक बाई मोबाइलवर सांगत होत्या, "भाकरी दुरडीत ठेवलीय, वाढून घ्या." देवयानी दारातच थबकली. त्या मधुमतीकाकू, जतच्या. नवरा छावणीत सुभेदार. दोन वर्षांपूर्वी त्यांचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले होते आणि आता कंबर दुखत होती. रोग हाडात उतरला की नाही, एवढेच मला दाखवायचे होते. देवयानीने इंजेक्शन दिले. औषध हाडांत जायला तीन तास लागतात. ते तीन तास ती दाराशी उभी राहून गावाकडचे बोलत राहिली. पत्रा कपाटातच राहिला. वहीत मात्र तिने सवयीने 'ठीक' लिहून सही ठोकली. मी पाहिले, पण मला तोंड कुठे आहे?

दुपारी काकू माझ्याखाली आडव्या झाल्या. पहिले चित्र कमरेचे. उजव्या खुब्यावर काळाकुट्ट ठिपका उमटला.

डॉक्टर इंद्रजित पलीकडच्या खोलीत पडद्याकडे बघत म्हणाले, "फैल गया है. इनके घरवालों को बुला लीजिए, रिपोर्ट शाम तक दे दूँगा."

देवयानीचा चेहरा उतरला. मग तिची नजर वहीकडे गेली. ती गप्प बसली असती तर तिला कोणी काही विचारले नसते. बोलली तर खोटी सही उघडी पडणार होती, आणि नोकरी कंत्राटी. मी तोच ठिपका दाखवत राहिलो. दुसरे मला येतच नव्हते.

"सर," ती म्हणाली, "आज सुबह मैंने मशीन चेक नहीं की. साइन झूठा है."

डॉक्टरांनी वही ओढून ती सही पाहिली. मग म्हणाले, "दोबारा लीजिए."

तिने आत येऊन काकूंना वीतभर सरकवले.

"काय दिसलं गं पोरी?"

"अजून काही नाही, काकू. थोडं थांबा."

काकू सरकल्या होत्या, ठिपका होता तिथेच होता. आता तो अंगाबाहेर, मोकळ्या जागेत दिसत होता. डाग माझ्याच चेहऱ्यावर होता. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या रुग्णाला माझ्यापाशी टोचताना सुईतून औषधाचा थेंब उडाला होता. देवयानीने मला पुसून काढले आणि सगळी चित्रे नव्याने घेतली. काकूंची हाडे स्वच्छ होती.

देवयानीला लेखी समज मिळाली. पुढे तीन महिने तिच्या सहीखाली दुसऱ्याची सही लागे. काकूंना तिने सगळे खरे सांगितले. त्यांनी शाल झटकून अंगावर घेतली, रागावल्या असाव्यात. मग म्हणाल्या, "रविवारी जेवायला ये. भाकरी करते. अशी एकटी नको राहत जाऊस, चुका होतात मग."

ती गेली. दर रविवारी जाऊ लागली. सकाळी पत्रा लावायची, चित्र डोळ्यांत तेल घालून बघायची, सही करायची आणि पुढच्या कामाला लागायची. मला सांगण्यासारखे तिच्याकडे काही उरले नव्हते. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

२०१७ मध्ये नवे यंत्र आले. मी आता जिन्याखाली चादर पांघरून उभा आहे.

मित्रांनो, यंत्र रोज तपासा आणि न तपासता सही करू नका, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या गल्लीत परगावचे कोणी एकटे राहत असेल, तर जेवलात का म्हणून विचारा. त्याच्यावर यंत्राशी बोलायची वेळ आणू नका. आम्ही सगळे ऐकून घेतो, पण जेवायला बोलावणे आम्हाला जमत नाही.