आलेला आकडा

"मॅडम, अजून साठ पेशंट घेऊया. निकाल अगदी थोडक्यात हुकतोय," चाचणीचं काम बघणारा रत्नदीप माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला.

"तू मधले निकाल उघडलेस?"

"नुसता डोकावलो हो."

डोकावला म्हणे! रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी. पेशंट किती घ्यायचे ते सुरुवातीलाच ठरलेलं, आणि हे साहेब आकडे बघून संख्या वाढवायला निघाले. वागळे इस्टेटमधल्या या छोट्या कंपनीत संख्याशास्त्राची मी एकटीच. माझ्या सहीशिवाय बदल होत नाही.

"अरे, मधे बघून वाढवणार हे आधी ठरवलं असतं, तर त्याचा हिशोब धरला असता. हवा तो निकाल येईपर्यंत पेशंट घेत बसलास, तर खडूची गोळीसुद्धा कधीतरी पास होईल. निव्वळ नशिबाने! आणि ती लोक घेणार."

"गोळीवाला क्लायंट हातचा गेला तर तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढे नाही वाढणार, मॅडम."

मेल्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पगाराचं सोडा, पण इथे दिवसभर कुणी ना कुणी "मॅडम, चहा?" म्हणतं. नौपाड्यातल्या घरी मला कुणी काही विचारत नाही.

आमच्या ह्यांना मशीनवर दाब बघायची भारी हौस. जास्त आला की पुन्हा पट्टा, पुन्हा बटण. कमी आला की तिथेच थांबायचं आणि हॉलमधून ओरडायचं, "सुमे, एकदम नॉर्मल!" मी चिडायचे, "अहो, आधीचे कुठे गेले?" तर म्हणायचे, "तुझं ऑफिस घरात आणू नकोस." गेल्या दिवाळीआधी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. अजून राग येतो मला त्यांचा. आठवण तर येतेच येते.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं.

चारच्या चहाला सगळे उठले. मला कुणी हाक मारली नाही.

घरी आल्यावर डोकं जड झालं होतं. जरा टेकले, मग डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे दोनदा दाब मोजला. दोन्ही वेळा भलताच चढलेला. बोट तिसऱ्यांदा बटणाकडे गेलं. तसंच मागे घेतलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

"लगेच या. सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. येते रिक्षाने."

चपला घातल्या. दार ओढून घेताना हॉलमधल्या ह्यांच्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "अहो, जास्त आलाय हं."

आणि कुलूप लावलं.