इतर विषयांतला ए

“म्हणजे बँडच्या विषयात मी मार्नीला ए देतो, तोच तिच्या मुळावर येतोय?” हर्स्का सरांनी पुन्हा विचारलं. समोर खुर्ची होती, तरी ते बसले नव्हते. खिशातल्या किल्ल्या एकसारख्या खुळखुळत होत्या.

“आधी त्या किल्ल्या थांबवा,” टॅलबटबाई म्हणाल्या. नेब्रास्कातल्या त्या गावच्या शाळेत कोणी कुठल्या कॉलेजात अर्ज करायचा, हे सांगण्याचं काम त्यांचं. “अवघड विषयातला ए पाच गुणांचा. बँडमधला ए चारचा. मार्नीचे बाकी सगळे पाच. त्यात तुमचा चार येऊन बसला की सरासरी घसरली. तिच्या बरोबरीचा तो क्रुगरांचा रेगन बघा. त्यानं बँड सोडून रिकामा तास घेतलाय. रिकाम्या तासाला गुणच नाहीत, मग घसरणार काय, डोंबल?”

“मी ए प्लस देतो.”

“सोन्याचा मुलामा दिलात तरी चारच.”

“नुसतीच येऊन वाजवू दे मग. गुण नकोत.”

“हजेरीत नाव आलं की गुण आले, सर. आणि हजेरीत नाव नसलेल्या पोरीला तुम्ही सामन्यांत वाजवायला मैदानावर नेणार कसे?” बाईंचा आवाज जरा खाली आला. “कॉलेजवाले बँडही बघतात, नाही असं नाही. पण आधी पहिला नंबर बघतात. तिला जायचंय त्या इंजिनिअरिंग कॉलेजात आपल्याकडून पहिल्या नंबराशिवाय कोणी गेल्याचं मला तरी आठवत नाही.”

त्यांच्यामागच्या तक्त्यावर वर ठळक अक्षरांत ‘मुख्य विषय’ लिहिलं होतं आणि तळाशी ‘इतर’. सरांनी तो तक्ता आजवर शेकडो वेळा पाहिला असेल, पण वाचला आज.

वर्षभरासाठी म्हणून ते या शाळेत बँड शिकवायला आले होते आणि इथंच त्यांचे केस पिकले. बेसूर वाजवणाऱ्याला ए, उशिरा येणाऱ्याला ए, ऐन मिरवणुकीत झांजा चिखलात पाडणाऱ्यालाही ए. आपला विषय कोणाच्या वाटेत आडवा येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. लोक हसत, “हर्स्काकडे श्वास घेतला तरी ए मिळतो.” सरांना त्यात मोठेपणा वाटायचा. आज त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

बँडच्या खोलीत मार्नी फ्रेंच हॉर्न उलटा करून त्यातलं पाणी काढत होती. दुसरं कोणी घेईना म्हणून लहानपणी तिनं तो हॉर्न उचलला होता. आता तिच्यासारखं वाजवणारं आसपासच्या गावांत कोणी नव्हतं, आणि त्यांच्या बँडमध्ये तर दुसरा हॉर्नच नव्हता.

“बाईंनी सांगितलं ना तुम्हाला?” वर न बघताच ती म्हणाली.

“हं.”

“आई म्हणते, एका भोंग्यापायी पहिला नंबर घालवशील तर तंगडं मोडीन.” तिची आई वृद्धाश्रमात स्वयंपाक करायची. घरात आजवर कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. “पण सर, तुम्ही राहा म्हणालात तर मी राहीन. देवाशपथ.”

सर खुर्च्या सरळ करत सुटले. आधीच सरळ असलेल्या खुर्च्या त्यांनी वाकड्या केल्या, पुन्हा सरळ केल्या. राहा म्हणायला त्यांचा जीव नुसता आसुसला होता. एक शब्द तर होता.

“सोड,” ते म्हणाले. “तसंही, ओमाहा शहरातून एक पोरगी आलीय खालच्या वर्गात. हॉर्न झकास वाजवते. तिला कुठं बसवू, याच पेचात होतो मी.”

मार्नीचा चेहरा उतरला. “माझ्यापेक्षा चांगली?”

“तरुण आहे. फुप्फुसं ताजी आहेत.”

ती हसली नाही. तिनं हॉर्न पुसला, पेटीत ठेवला आणि दोन्ही खटके बंद केले. सर तिच्याकडे पाठ करून फळा पुसत होते. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी फुटबॉलचा सामना होता. मध्यंतरात बँड मैदानात उतरला. मार्नीसाठीच सरांनी बसवलेलं एक संथ जुनं गाणं होतं, मधला तुकडा एकट्या हॉर्नचा. तो ट्रम्पेटला देता आला असता. सरांनी तसं लिहूनही काढलं होतं, मग फाडून टाकलं. ती रिकामी जागा बघायला मार्नी काही येणार नाही, असं त्यांनी धरलं होतं. शुक्रवारी ती अभ्यासात बुडालेली असते.

हॉर्नच्या त्या तुकड्यापाशी बँड थांबला. गाणं संपलं असं वाटून पाहुण्या गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांचा हात रिकाम्या हवेत मात्रा मोजत राहिला. टाळ्यांच्या रोखानं त्यांनी मान वळवली, तर कुंपणापाशी मार्नी उभी. ती टाळ्या वाजवत नव्हती. कोटाच्या बाहीबाहेर डाव्या हाताची तीन बोटं तेवढी हॉर्नच्या कळा दाबल्यासारखी हलत होती. तिची बोटं थांबली तेव्हा सरांनी हात उचलला आणि बँड पुन्हा सुरू झाला.

सामना संपल्यावर सर मोठा ढोल एका बाजूनं उचलून बँडच्या सामानाच्या गाडीत चढवू बघत होते, तेवढ्यात ती आली.

“ओमाहाची पोरगी कुठंय, सर?”

“सर्दी झालीय तिला.”

“बरीच दिसतेय सर्दी.”

“घरी जा, मार्नी. अभ्यास पडलाय तुझा.”

“मला आता रिकामा तास आहे ना,” ती म्हणाली, आणि मोठ्या ढोलाची दुसरी बाजू तिनं उचलली.